सुरण फुललं तो रविवार

माईंच्या घरी राहायला गेलो त्या दिवशी बाबांनी आत्याला दोन गोष्टी सांगितल्या. मागच्या गल्लीतल्या दारानं यायचं, आणि अंगणात मोठ्यानं बोलायचं नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणत. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा बाबा सात वर्षांचे होते आणि आत्या सोळा-सतरा वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली. काटोलकडच्या बागांत संत्र्याच्या तोडणीला जाऊन, मोसम संपला की लोकांच्या शेतात निंदण करून तिनं त्यांना शिकवलं. मॅट्रिकच्या फॉर्मवर पालक म्हणून तिचाच अंगठा होता. त्या बहिणीला बाबा मागच्या दारानं यायला सांगत होते, आणि सांगताना तिच्याकडे न बघता ट्रंकेची कडी उगीच उघडझाक करत होते. आत्यानं दोन्ही ऐकून घेतलं. "बरं गा," एवढंच म्हणाली आणि स्टोव्ह कुठं ठेवायचा ते पाहायला आत गेली.

आम्ही बौद्ध. बाबांनी आणि आत्यानं नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण त्या दिवसाबद्दल मी इतकं ऐकलं आहे की मी तिथं होते असंच मला वाटतं. नवी पांढरी लुगडी, पायी आलेली गावंच्या गावं, आणि रात्री मैदानातच अंथरलेली घोंगडी. लोक आपल्या लग्नाबद्दल बोलतात तसे बाबा त्या दिवसाबद्दल बोलत. मग हे मागचं दार कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हाही पडे. कचेरीत बाबांची जात सगळ्यांना माहीत होती आणि तिथं ते ताठ मानेनं वावरत. पण घर मिळत नव्हतं. माझी इंग्रजी शाळा ज्या भागात होती तिथं चार घरं पसंत पडली आणि चारही ठिकाणी दुसऱ्या दिवशी निरोप आला की घर भाड्यानं द्यायचंच नाही. पाचवं घर माईंचं. माईंनी आम्हाला चहा दिला, माझ्याशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलून पाहिली, आमचं आडनाव दोनदा उच्चारून पाहिलं. त्या आडनावावरून काही कळण्यासारखं नव्हतं. मग म्हणाल्या, "तुम्ही काय, आपल्यातलेच दिसता." बाबा नुसते हसले. त्या हसण्यावर आम्ही त्या घरात राहिलो.

घर म्हणजे माईंच्या बंगलीचा मागचा अर्धा भाग. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणीघर, आणि न्हाणीघरामागं एरंड नि तरोटा माजलेला एक पट्टा, जिथं मोडकी खाट, फुटके माठ असलं काहीबाही पडलेलं असे. उन्हाळ्यात माईंच्या बाजूच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांच्यावर पाणी मारलं की आमच्यापर्यंत तो थंड वास येई. सकाळी त्यांच्या रेडिओवर भजनं लागत. आमच्याकडे त्याच वेळी आई आतल्या खोलीतलं कपाट उघडी. कपाटाच्या दाराला आतून दोन तसबिरी लावलेल्या होत्या. आत्या त्यांच्यासमोर उभी राहून वंदना म्हणे, पण नुसते ओठ हलवून. वंदना संपली की कपाट बंद, कडी, आणि मग दिवस सुरू. मी शाळेत गप्प असे, कारण माझं इंग्रजी पुस्तकातलं होतं आणि बाकीच्या मुलींचं घरातलं. घरी गप्प असे, कारण भिंत एकच होती. लोक मला लाजाळू म्हणत. आजही म्हणतात.

आत्या भांडी घासायची, अंगण झाडायची, दुपारी दारात बसून जवस निवडायची. नऊवारी लुगडं, हातावर गोंदण, पायात काही नाही. शेजारच्यांनी तिला रोज पाहिलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं. कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. घरात मी तिला आत्या म्हणायचे. अंगणात तिला हाकच मारायची नाही, जवळ जाऊन पदर ओढायचा, ही सवय मला कोणी न शिकवताच लागली.

पहिल्याच वर्षी तिनं गावाहून सुरणाचे चार तुकडे आणून न्हाणीघरामागं लावले. दिवाळीच्या सुमारास एक दिवस काष्टा घट्ट मारून, सब्बल घेऊन ती खणायला बसली. कोपरापर्यंत माती, गुणगुणत होती काहीतरी. तीन कांदे निघाले, एक राहिला. त्या दिवशीची भाजी मला अजून आठवते. हाताला तेल चोळून ती सुरण चिरे, चिंचेच्या पाल्यात उकळून घेई, मग तिळाचा कूट नि लसूण घालून लोखंडी तव्यावर असा परते की कडा कुरकुरीत होत. "घसा खाजवला तं मले सांगजो," म्हणे, "चिंच कमी पडली समजायचं." घसा कधी खाजवला नाही. पण त्या संध्याकाळी आई तिला हळूच म्हणाली, "अक्का, माई मागच्या ओसरीतून पाहत होत्या. असं खणत नका बसू. चार लोक बघतात." आत्यानं सब्बल धुऊन न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवली. ती पुन्हा काढली नाही. राहिलेला कांदा जमिनीतच राहिला. दर पावसाळ्यात एरंडांमध्ये त्याचं छत्रीसारखं एक पान उभं राही, हिवाळ्यात पडून जाई. आम्ही तो विसरून गेलो. सुरण कोणी चार-चार वर्षं जमिनीत ठेवत नाही. खाण्यासाठीच लावतात, दरवर्षी काढतात, त्यामुळं तो फुलतो हे पाहिलेली माणसं फार थोडी.

वास आला तो एका शुक्रवारी संध्याकाळी. मृग लागायचा होता, जमीन तव्यासारखी तापलेली, शाळा उघडायला आठवडा राहिलेला. आम्ही जेवायला बसलो होतो. आईनं वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तसंच परत ठेवलं. "उंदीर मेला वाटतं कुठंतरी," ती म्हणाली. आम्ही हातातलं ताट ठेवून उठलो. तांदळाचा डबा, पलंगाखालची ट्रंक, कपाटामागची फट, सगळं पाहिलं. काही नाही. आत्या दारात उभी राहून नाक वर करून हुंगत होती. "उंदराचा नाही हा," ती म्हणाली. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शनिवारी सकाळी तो वास राहिलाच नव्हता, त्याचं काहीतरी दुसरंच झालं होतं. जड, ओला, गोडसर. तोंडात येई. पाणी पिताना पेल्यात असे. बाबा अर्ध्या दिवसानं घरी आले, शर्ट काढला आणि नाली साफ करायला बसले. फिनेलच्या दोन बाटल्या संपल्या. नालीची फरशी उचलून त्यांनी आत टॉर्च मारला, आडवं पडून, गाल जमिनीला लावून. उठून हात धुतले, साबणानं, पुन्हा साबणानं, आणि मग मी पाहतेय हे न कळून त्यांनी स्वतःचे हात नाकाशी नेले. का कोण जाणे, मला तेव्हाच भीती वाटली. नुसत्या मेलेल्या उंदरासाठी माणूस स्वतःचे हात हुंगत नाही.

दुपारी आई कपडे वाळत घालत होती. माईंच्या ओसरीवर शेजारचे तिवारीजी आले होते. बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. तिवारीजी म्हणाले, "माईजी, पिछवाड़े में कोई जानवर काट के फेंका है, लिख के ले लो मेरे से."

"आमच्या आवारात? काहीतरीच काय," माई म्हणाल्या.

"तो फिर वो जो बाई है इनके यहाँ, किस बस्ती से आती है? पूछा कभी?"

माईंनी नाकावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "विचारायचं राहून गेलं खरं. आणि त्या लोकांना या वासाचं काही वाटत नाही म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय."

आई आत आली तेव्हा तिच्या हातात पिळलेली चादर तशीच होती, पाणी फरशीवर गळत होतं. तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐकून म्हणाले, "उद्या रविवार आहे. उद्या शोधून काढतो." आणि मग जरा वेळानं, "कपाटाला कुलूप आहे ना आपल्याकडे?" कुलूप नव्हतं.

संध्याकाळी आत्या माझी वेणी घालत होती. तिच्या हातांना कधी घाई नसे. मी म्हटलं, "आत्या, उंदराचा नाही म्हणालीस, मग कशाचा?"

"तेच तं कळून नाही राहिलं. ढोराचाही नाही. ढोर मेलं का पयल्या रोजी वासच नसते. दुसऱ्या रोजी पोट फुगते, मंग येते. अन् त्या वासात चामडं असते, ओलं, नाकाले चिकटते. या वासाले चामडं नाही वं."

"तुला कसं माहीत?"

"कसं म्हंजे? आठ वर्साची होती मी. बापासंगं जाओ, मेलं ढोर ओढाले. शिंगाले दोर मी बांधला हाय कितीकदा. मंग गावानं ठरवलं, आपल्या लोकायनं, का ओढायचं नाही आता. तं विहिरीवर पाणी बंद केलं त्यायनं. दोन महिने नाल्याचं पाणी पेलो आम्ही, पण नाहीच ओढलं." हे तिनं एखादं कसब सांगावं तसं सांगितलं, मला केसांचा ताण बसू नये म्हणून मधेच थांबत. मी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीपलीकडे कोणी नाही ना म्हणून. तिला ते कळलं. "हळू बोलून राहिली मी," ती म्हणाली.

माझी नात हल्ली नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मला फोनवर काय काय दाखवते. आम्ही त्या घरात होतो तेव्हा बेसा म्हणजे नुसती शेतं होती. परवा तिनं एक चित्रफीत दाखवली. परदेशातल्या कुठल्याशा काचेच्या बागेत एक फूल उमललं आहे, माणसाहून उंच, आणि त्याचा कुजलेल्या मांसासारखा वास घ्यायला लोक मुलांना खांद्यावर घेऊन रांगेत उभे आहेत. वास आला की हसतात, नाक धरतात, फोटो काढतात. "आजी, हाऊ ग्रोस!" नात म्हणाली. मी म्हटलं, बंद कर. तिला वाटलं मला किळस आली.

रविवारी दहाच्या सुमारास ते आले. माई, तिवारीजी आणि गल्लीतल्या दोन बायका, चौघांच्या नाकाला पदर नाहीतर रुमाल. माई भांडखोर नव्हत्या. त्या खरोखरच ओशाळून म्हणाल्या, "हे पाहा, गैरसमज नका करून घेऊ. पण वास तुमच्याच बाजूनं येऊन राहिला आहे. एकदा सगळ्यांनी मिळून पाहू." बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, रविवार असून. "या ना, पाहा ना," ते म्हणाले, "घर तुमचंच आहे."

ते आत आले. स्वयंपाकघरात गेले. एका बाईनं आमच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत गोळाभातासाठी भिजवलेली डाळ होती, ती पाहून झाकण ठेवलं. तिवारीजींनी घडवंचीखाली काठी फिरवली. मग आतल्या खोलीत. आई कपाटाला पाठ लावून उभी होती. कडी तिच्या पाठीमागं होती. तिवारीजी म्हणाले, "भाभीजी, ज़रा हटिए, अलमारी के अंदर-पीछे देख लेते हैं." आई हलली नाही. "ज़रा हटिए तो." आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. माई म्हणाल्या, "अहो, कपडेच असतील ना? मग काय हरकत आहे?" मी दाराशी उभी होते आणि त्या दोन तसबिरी मला लाकडातून आरपार दिसत होत्या. पाचवं घर गेलं की सहावं कुठं शोधायचं, माझं शेवटचं वर्ष, बाबांचं ते हसणं, आता सगळं एका कडीवर येऊन ठेपलं होतं.

आणि तेवढ्यात अंगणातून आत्याचा आवाज आला. मोठा, उघडा, शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जाईल असा. त्या घरात मी तो आवाज प्रथमच ऐकला.

"घरात काय पाहून राहिले? घरात नाही थे! बाहेर हाय! अन् जनावर नाही मेलेलं!"

सगळे वळले. कपाट सोडून अंगणात आले. आई मागंच राहिली, कपाटापाशी. आत्या अंगणाच्या मधोमध उभी होती, पदर कमरेला खोचलेला.

"जनावर नाही हे तुला काय माहीत?" माईंनी विचारलं.

"मले माहीत हाय. ढोराचा वास येगळा, बकरीचा येगळा, कुत्र्याचा येगळा. हा मासाचा वासच नोहे."

तिवारीजींनी माईंकडे असं पाहिलं की, घ्या, मिळालं उत्तर. एका बाईनं पदर आणखी घट्ट धरला आणि एक पाऊल मागं सरकली. आत्याला कळलं की आपण काय बोलून बसलो. तिनं कपाट वाचवलं होतं आणि त्याच वाक्यात सगळं उघडंही केलं होतं. माई हळूहळू तिच्याकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे वळल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी खोटं बोलत नाही असं त्या सगळ्यांना सांगत.

"ही कोण गं तुमची?" त्यांनी मला विचारलं.

चार वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत होते.

"आमच्याकडे कामाला आहे," मी म्हणाले.

मला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी अडखळले नाही. वर्गात उत्तर देताना माझा आवाज घोगरा व्हायचा, तसंही काही झालं नाही. मी पुढं आणखी म्हणाले, "गावाकडची आहे. फक्त भांडी नि झाडलोट करते. स्वयंपाकाला हात लावत नाही." हे शेवटचं वाक्य कोणी विचारलंही नव्हतं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि माईंना म्हणाली, "हो बाई. कामाले हाय मी इथं." चार वर्षांपूर्वी ज्या आवाजात ती "बरं गा" म्हणाली होती, तोच आवाज.

माईंचा चेहरा सैल झाला. तिवारीजी म्हणाले, "वही तो मैं कह रहा था," आणि त्यांचा विजय एवढ्यावरच भागला. कामवाली कुठल्या वस्तीतली का असेना, ती मागच्या दारानं येते, मागच्या दारानं जाते. माई बाबांना इतकंच म्हणाल्या, "ठेवताना चौकशी करावी हो जरा." बाबांनी मान हलवली.

आत्या तोवर नाक वर करून चालायला लागली होती. न्हाणीघराला वळसा घालून एरंडात शिरली, मोडकी खाट एका हातानं बाजूला ओढली. "हे पाहा," तिचा आवाज आला.

उघड्या तापलेल्या मातीतून, ना पान ना देठ, थेट जमिनीतून ते वर आलं होतं. परातीएवढी एक झालर, काळपट जांभळी, काठाला फुलकोबीसारखी चुरगळलेली, आणि मधोमध मेंदूसारखा सुरकुतलेला, यकृताच्या रंगाचा एक गोळा, माझ्या डोक्याएवढा. त्यावर निळ्या माशांचा थर हलत होता. "अगंबाई, हे काय आहे?" माई किंचाळल्याच. आत्या खाली बसली, बोटानं माती उकरून पाहिली. "सुरण होय," ती म्हणाली, "फुललं. मीबी पयल्यांदाच पाहून राहिली."

आणि मग मी बोलायला लागले. शाळेच्या वाचनालयात एका जाड पुस्तकात मी त्या सुमात्रातल्या मोठ्या फुलाचं चित्र पाहिलं होतं. हा त्याचाच भाऊबंद, हे मला बघताक्षणी कळलं. मी सांगितलं की ते वर्षानुवर्षं फुलत नाही, फुललं की दोनचार दिवसांतच संपतं, त्याला मधमाश्या नको असतात, घाणीवरच्या माशा नि किडे हवे असतात, म्हणून ते मेलेल्या जनावराचं सोंग घेतं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, हात हलवून. इतक्या लोकांसमोर मी जन्मात बोलले नव्हते. थांबताच येईना. लोकांनी नाकावरचे पदर खाली घेऊन ऐकलं. माई म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात शाळा! एवढीशी पोर, पण काय माहिती आहे!" तिवारीजी हसले, "बिटिया तो डॉक्टर बनेगी, साहब." सगळे हसले. बाबाही हसले, पुन्हा तसंच, आणि माझा ऊर भरून आला. होय, भरून आला. इतक्या वर्षांनंतर ही एक गोष्ट लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास होतोय. मला त्या क्षणी आनंद झाला होता.

"ए बाई, ते मुळासकट काढ," माई आत्याला म्हणाल्या, "आणि लांब नेऊन टाक कुठंतरी."

आत्यानं भिंतीशी टेकलेली सब्बल घेतली. तिला गंज चढला होता. ती एकटी खणत होती आणि आम्ही पाहत होतो. चार वर्षांचा कांदा, घमेल्यात मावेना. त्याला फुलासकट पोत्यात गुंडाळून तिनं तोंड बांधलं. दोन माणसांनी मिळून उचलावं एवढं ते ओझं होतं. बाबा एक पाऊल पुढं झाले आणि थांबले, कारण इस्त्रीच्या शर्टातला मालक कामवालीच्या ओझ्याला हात लावत नाही. आत्यानं दोर बांधला आणि ते पोतं ओढत मागच्या दारानं नेलं. गल्लीतले लोक बाजूला सरले, नाकं धरून. ज्या कामासाठी तिच्या गावानं दोन महिने नाल्याचं पाणी पिऊन नाही म्हटलं होतं, ते काम करत ती आमच्या दारातून बाहेर पडली, आणि मी ते पाहत उभी होते. खालच्या मातीत त्याचा ओरखडा बराच लांबवर दिसत होता.

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. अंघोळ करून आली. आईनं तिचं ताट नेहमीच्या जागी, बाबांच्या शेजारी वाढलं. आत्यानं ते उचललं आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसली.

"अक्का, आत ये," बाबा म्हणाले.

"दार उघडं हाय. माई ओसरीवर बसून राहिली."

"दार लावतो मी."

"रोज लावशील काय? जेव तू." आणि ती जेवायला लागली.

तेव्हापासून ती तिथंच जेवली. सगळ्यांचं झाल्यावर. कपाटासमोर उभं राहणंही तिनं सोडलं. "माई अवेळी येते," म्हणे, "कामवाली आतल्या खोलीत काय करते म्हणंल." अंगणात ती मला ताई म्हणायला लागली. "ताई, कपडे काढू काय?" माईंच्या ऐकण्यात येईल इतक्या आवाजात. आम्ही फक्त एक शब्द उच्चारला होता, तो शब्द खरा करायचं काम तिनं अंगावर घेतलं आणि तेही इतर सगळ्या कामांसारखंच नीट केलं. बाबांनी मला त्या रविवारबद्दल कधी काही विचारलं नाही. मी वाट पाहिली. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, आधी तुम्ही हसला होतात. ते माहीत असल्यामुळंच विचारलं नसेल.

एकदा, फक्त एकदा, ती भांडी घासताना मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, त्या दिवशी मी..."

"चूप वं. कोणी ऐकंल." राखेचा हात तिनं कढईवर फिरवला. "घर राहिलं नं? शाळा राहिली नं तुही? मंग." जरा वेळानं तीच म्हणाली, "तू त्यायले लय छान सांगत होती फुलाचं. मले सारं नाही समजलं. पण मी थांबून ऐकलं."

त्यानंतरचा दुसरा हिवाळा तिनं पुरता पाहिला नाही. ताप आला, छाती भरली, आठ दिवसांत गेली. मी तोवर कॉलेजात होते. ती गेली ती आमच्या घरात, मागच्या खोलीत, पहाटे. आता तिचं सगळं रीतीनं करायचं तर भंतेजी येणार, पांढऱ्या कपड्यांतली माणसं येणार, आणि ते माईंच्या अंगणात होणं शक्य नव्हतं. म्हणून बाबांनी लकडगंजातून एक टेम्पो ठरवला आणि तिला गावी न्यायचं ठरलं. आई घरात रडली, तोंडात पदर कोंबून. बाबा तर रडलेही नाहीत. टेम्पो मागच्या गल्लीत उभा राहिला. तिला बाहेर काढलं तेव्हा माई आल्या, अंगावर शाल, हातात शेवंतीची फुलं. त्यांनी ती लांबूनच तिच्या पायांकडे ठेवली आणि बाबांना म्हणाल्या, "नोकरमाणसासाठी एवढं कोण करतं हो आजकाल? स्वतः गावापर्यंत घेऊन निघालात. देवमाणूस आहात."

बाबांनी हात जोडले.

मी टेम्पोच्या फळीला धरून उभी होते. मला अठरावं लागलं होतं, मला दोन भाषा येत होत्या, आणि सांगायचा शब्द एकच होता. माईंनी माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि जवळ येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचा हात ऊबदार होता.

"रडू नको गं," त्या म्हणाल्या. "मिळेल दुसरी चांगली बाई. मी बघते ना."

मी डोळे पुसले आणि मान हलवली.